आधी कोड, मंग रोड

सकाळी आमच्या गल्लीत कुणी तुळशीला पाणी घालतं, कुणी बीपीची गोळी घेतं, आणि झुंबरशेठ गाडीत वाकतात. स्टिअरिंगखाली डोकं, बाहेर पायजम्यातले दोन पाय, असा अर्धा माणूस आम्हाला रोज दिसतो. तिथं खाली एक खाच असते. तिच्यात ते काडेपेटीएवढा स्कॅनर खुपसतात, मोबाइलकडं डोळे बारीक करून बघतात आणि बाहेर येऊन साऱ्या गल्लीला सांगतात, "निल! कोड न्हाई!" मगच चहा. गाडी कुठं जायची असते असं नाही. बहुतेक वेळा नसतेच.

गाडीत काही बिघडलं की आतला कॉम्प्युटर एक नंबर दाखवतो, त्याला कोड म्हणतात, हे ज्ञान मला झुंबरशेठनीच दिलं. आमच्या सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं, की या बिचाऱ्याला अंगावर कोड फुटायची भीती आहे आणि आज फुटलं नाही म्हणून तो देवाचे आभार मानतो. त्या आतून म्हणायच्या, "बरं झालं बाबा."

"आधी कोड, मंग रोड," हे त्यांचं ब्रीद. मंठ्यात त्यांचं बारदाना, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले ते इथंच रुजले. आता तिकडं त्यांना कुणी ओळखत नाही आणि इथं त्यांच्यावाचून कुणाचं पोतं शिवलं जात नाही. लग्न केलं नाही. "मुलगी बघायला गेल्तो, पण रस्त्यात टायर बसला. मंग मन बी बसलं," एवढंच कारण सांगतात. भित्रा स्वभाव. गॅसचा खटका बंद केला की हात लावून बघतात, कुलूप लावलं की लोंबकळून बघतात, आणि माणसांनासुद्धा कोड असतात असं मानतात. आमचे हे एकदा दूधवाल्यावर ओरडत होते, तर शेठ कुंपणावरून मला हळूच म्हणाले, "वहिनी, साहेबांचा कोड जुनाच हाय. क्लिअर केला तरी परत येतो."

गाडीच्या त्या कॉम्प्युटरला मेकॅनिक लोक काहीतरी इंग्रजी म्हणतात. झुंबरशेठ त्याला मुनीम म्हणतात. डिझेल किती सोडायचं, हवा किती घ्यायची, सगळा हिशोब मुनीम ठेवतो. प्रत्येक मुनिमाच्या पोटात त्याच्या गाडीचा नंबर लिहिलेला असतो. "दुसऱ्या पेढीचा मुनीम आपल्या गादीवर बसवला तर चालंल का, वहिनी? गाडी लगेच ओरडते, हा माझा माणूस न्हाई म्हणून." मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

आता त्यांच्या भावाचं सांगायला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. हिराशेठ हे थोरले. भिंतीला भिंत लागून घर. दोघांनी एकाच दिवशी, एकाच रंगाची, एकसारखी गाडी घेतली होती. झुंबरशेठ जेवायला थोरल्यांकडंच असायचे. सगळं बराबर चाललं होतं, आणि मग आष्टीचं लग्न आलं.

लग्न हिराशेठच्या बायकोच्या भाचीचं. गाडी झुंबरशेठ चालवत होते. परतूरच्या पुढं गेले आणि स्टिअरिंगमागं बिघाडाचा पिवळा दिवा लागला. झुंबरशेठनी गाडी बाजूला घेतली. स्कॅनर घरी राहिला होता. हिराशेठ म्हणाले, चालते ना गाडी, मग चल. धाकटे म्हणाले, आधी कोड. आणि सगळं वऱ्हाड घेऊन स्कॅनर आणायला परत मंठ्याला आले. बघतात तो एक वायर सैल झाली होती, बाकी काही नाही. आष्टीला पोचेपर्यंत फेरे होऊन पंगती उठल्या होत्या. हिराशेठनी मांडवात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की हा माणूस जन्मभर घाबरत राहणार आणि आपल्यालाही थांबवत राहणार, आजपासून याचा रस्ता वेगळा, माझा वेगळा.

तेव्हापासून अबोला. तीन दिवाळ्या झाल्या. झुंबरशेठ घरी कुकरला खिचडी लावायला लागले. थोरल्या भाभींचा जीव तुटायचा. त्या गट्ट्याची मारवाडी भाजी केली की मागच्या दारानं वाटी माझ्याकडं द्यायच्या आणि सांगायच्या, तुम्ही केली म्हणून द्या. मी द्यायची. शेठ वाटी हुंगायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुम्ही तर वरणभातवाल्या. गट्टे कधीपासून करून राह्यल्या?" आणि वाटी चाटूनपुसून परत यायची.

एक गोष्ट मात्र अबोल्यातही चालू होती. दुकान वाटलं, चूल वाटली, पण लक्ष्मी एक. दिवाळीला चोपडीची पूजा दोघं मिळून करायचे, न बोलता. एक जण हळद पुढं सरकवायचा, दुसरा कुंकू. गेल्या दिवाळीला हिराशेठनी चोपडीऐवजी लॅपटॉप मांडला, कारण हिशोब आता त्यात. झुंबरशेठनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. लॅपटॉपची पूजा होते, तर गाडीच्या मुनिमानं काय घोडं मारलंय?

भाभींच्या मार्फत त्यांनी थोरल्यांच्या गाडीची चावी मागवली. बॅटरीच्या वायरी सोडवल्या, दोन्ही गाड्यांचे मुनीम बाहेर काढले आणि दोन चपटे डबे पाटावर आणून ठेवले. मी दरवर्षीप्रमाणं प्रसादाला गेलेली. समोर लक्ष्मी, लॅपटॉप आणि गाडीची दोन काळजं. डबे अगदी सारखे, म्हणून त्यांनी एकाला लाल दोरा बांधला, एकाला पिवळा. "लाल माझा, पिवळा भाईजीचा. गफलत नको," हे त्यांनी लक्ष्मीला सांगितलं, मला सांगितलं आणि पुजारीबुवांना दोनदा सांगितलं. पंचामृताचा चमचा जवळ आला की डब्यांवर दोन्ही हात धरायचे. हिराशेठ छताकडं बघत बसले होते. आरतीनंतर झुंबरशेठ एकटेच टॉर्च घेऊन गेले आणि डबे गाड्यांत बसवून आले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची 'निल' बंद झाली. शेठ गाडीत वाकायचे, बाहेर यायचे, दार लावून मुकाट्यानं आत जायचे. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण दिवाळीची आवराआवर होती. लक्ष गेलं नाही.

थंडी पडली आणि माझी वैशू बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण. जावई पुण्याला, आमचे हे निम्मा वेळ हसनाबादच्या शेतावर. वैशूच्या पायांवर सूज, बीपी वर. जालन्याच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारलं, काही झालं तरी वेळ घालवायचा नाही, सरळ इकडं यायचं. मंठ्याहून जालना काही शेजारी नाही. तेव्हापासून पोरीनं रात्री कूस बदलली तरी मी उठून बसायची.

गल्लीत गाड्या दोनच, दोन भावांच्या, आणि थोरले मालासाठी रोज जालन्याला. झुंबरशेठ स्वतःहून आले. "वैशूबाईला मी नेणार. माझी जबान हाय." मला धीर आला. कारण हा माणूस घाबरट असेल, पण तयारीत कमी पडणारा नव्हे. त्यांनी मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बसवलं, त्याला पट्टा लावला आणि जालन्यापर्यंत जाऊन आले. पोत्याला कुठं धक्का बसतो ते बघायला. संध्याकाळी येऊन अहवाल दिला, "वाटूर फाट्याच्या अलीकडं पोतं कलंडलं. तिथं डाव्या अंगानं घ्यावं लागतंय." वैशू हसून हसून कॉटवर पडली. मला हसू येत नव्हतं. मी विचारलं, आज निल का? तर म्हणाले, हाय एक कोड, किरकोळ.

पुढच्या वेळी पोतं घेऊन गेले ते पार अंधार पडायच्या सुमारास आले. गाडी चाळीसच्या वर जाईना, चढावर तर बैलगाडीनं मागं टाकलं. पोतं सुखरूप होतं. शेठचं तोंड मात्र उतरलं होतं. मी म्हटलं, शकीलभाईला दाखवा. एरवी दार कुरकुरलं तरी शकीलभाईच्या गॅरेजात जाऊन बसणारा हा माणूस, "बघू, बघू," म्हणून आत निघून गेला. कोड लागलेला असताना झुंबरशेठ शांत, ही गोष्ट मला कोडापेक्षा जास्त भीतीची वाटली.

शेवटी मीच जाऊन शकीलभाईंना घेऊन आले. त्यांचा स्कॅनर मोठा, पाटीएवढा. त्यांनी वायर जोडली, बघितलं, पुन्हा बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूला वाकून डबा बाहेर काढला, त्याच्यावरचा पिवळा दोरा बाजूला सारून नंबर वाचला आणि मागं टेकून बसले.

"शेठ, ओळख का कोड है. ये मुनीम इस गाडी का हैच नहीं. बडे शेठ की गाडी का है. और अंदर से बीमार भी है."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे दिवाळीला पूजेच्या गडबडीत डबे बदलले! यांचा चांगला मुनीम तिकडं, त्यांचा आजारी इकडं. शकीलभाईंनी सांगितलं की सोपं काम आहे, डबे आपापल्या जागी लावले की ही गाडी पळेल. बडे शेठना विचारतो, आत्ता करून टाकतो.

"न्हाई," झुंबरशेठ म्हणाले. "भाईजीच्या गाडीला हात लावायचा न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमचा अबोला तुमच्या घरात ठेवा, एक शब्द बोलायला लागेल म्हणून माझ्या लेकीचा जीव टांगणीला लावता का, जबान दिली होती कशाला, आणि ज्याला दोन डबे नीट लावता येत नाहीत त्यानं पूजा तरी कशाला मांडावी. शेठ खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, नवा मुनीम मागवलाय, येऊन राह्यला, तोवर मी दुसरा बंदोबस्त करतो. आणि केला. ओळखीच्या जीपवाल्याला सांगून ठेवलं. ॲम्ब्युलन्सचा नंबर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं हातभर लिहून गेले. तरी माझा राग गेला नाही. त्या आठवड्यात भाभींनी दिलेले गट्टे मीच खाल्ले.

नवा मुनीम काही आला नाही. वैशूचे दिवस मात्र आले, तेही आधीच.

सकाळी ती न्हाऊन बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. "आई, मला नीट दिसत नाही." एवढंच बोलली. डॉक्टरबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, निघा. ॲम्ब्युलन्स आष्टीकडं गेलेली, यायला वेळ लागणार. जीपवाला परतूरच्या बाजाराला. आमचे हे हसनाबादला. झुंबरशेठनी आमचा आवाज ऐकून गाडी काढली होती. वैशूला मागं बसवलं, मी तिच्याजवळ बसले. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली. चावी फिरवली, खोकली. पुन्हा फिरवली, तेवढंही नाही.

शेठनी चावी काढली. मग उतरले आणि चालत मागं गेले, थोरल्यांच्या फाटकापाशी. मी काचेतून बघत होते. हिराशेठ ओट्यावर पेपर वाचत बसलेले. झुंबरशेठ फाटक धरून उभे. तोंड उघडलं, आवाज नाही. तीन वर्षं न वापरलेलं बोलणं, ते लगेच कसं चालू होणार? वैशूनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

"भाईजी," ते एकदाचे म्हणाले. "चाबी द्या. लेकराला न्यायचंय."

हिराशेठनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. मग गल्लीच्या तोंडाशी अडलेली गाडी बघितली. पेपर खाली ठेवला आणि उठले. "मी बी येतो. जल्दी चल."

थोरल्यांची गाडी एका चावीत सुरू झाली. समोरच्या काचेखाली, जिथं दिवे लागतात तिथं, हिराशेठनी बालाजीचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं आणि त्याच्या कडेनं पिवळा उजेड येत होता. झुंबरशेठना तो दिसला. सवयीनं हात सदऱ्याच्या खिशात गेला. स्कॅनर बाहेर आला. आरशातून त्यांनी वैशूकडं बघितलं, स्कॅनर परत खिशात टाकला आणि गिअर घातला. जन्मात पहिल्यांदा ते कोड न बघता रोडला लागले. त्यांचे कान लालबुंद झालेले मला मागून दिसत होते.

तो रस्ता मला अजून स्वप्नात येतो. वैशूचे डोळे मिटलेले, मी तिला सारखी हाक मारत होते, जागी राहा गं, बोल गं. हिराशेठ पुढं बसून दोन्ही हातांनी समोरचं धरून होते आणि तोंडानं रामराम चालू होतं. झुंबरशेठ दुसरं काही बोलत नव्हते, फक्त खड्डा यायच्या आधी सांगायचे, "आता धरा, वैशूबाई," आणि गाडी अशी अलगद काढायचे की पोरीला कळायचंसुद्धा नाही. गव्हाच्या पोत्याचे उपकार मी कसे फेडू? गाडी एकदासुद्धा खोकली नाही. लोण्यासारखी पळत होती.

पोरीला लगेच आत नेलं. ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या की वेळेवर आणलंत, दोघी सुखरूप आहेत, मुलगी झाली. मी तिथंच बाकावर बसले आणि रडले. हिराशेठ पेढे आणायला धावले. त्यांना काय आनंद, आजोबा झाल्यासारखा.

रडं थांबल्यावर मला ती न खोकणारी गाडी आठवली, आणि तिच्यामागून तो पिवळा दोरा. लाल माझा, पिवळा भाईजीचा. जो माणूस कुलपाला लोंबकळून बघतो, तो दोरे बांधून डबे बदलील? मी बाहेर गेले. झुंबरशेठ लिंबाखाली उकिडवे बसले होते. मी सरळ विचारलं, डबे चुकून बदलले नव्हते ना?

ते मातीत काडीनं रेघा मारायला लागले.

"भाईजीची गाडी रोज सकाळी खोकायची, वहिनी. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पूजेला चाबी आली तवा गुपचूप स्कॅनर लावला. त्यांचा मुनीम मरून राह्यल्ता. भाईजी रोज एकटे जालन्याला जातात, साखरेचा आजार हाय त्यांना. सांगितलं असतं तर म्हणाले असते, घाबरतो. मंग माझा चांगला त्यांना लावून दिला. तवा वैशूबाई आल्ती न्हाई. नंतर जबान दिली, वाटलं निभंल." काडी मोडली. "ते कुठं रस्त्यात बंद पडले असते तर मला कोण सांगणार होतं? आमचं तर बोलणंच बंद."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी तशीच मातीत बसले. समोरून हिराशेठ पेढ्याचा पुडा घेऊन येत होते. त्यांनी पहिला पेढा भावाच्या हातावर ठेवला, दुसरा मला दिला.

वैशू बाळाला घेऊन घरी आल्यावरची ही गोष्ट. सकाळी मी अंगणात दुपटी वाळत घालत होते. हिराशेठच्या गाडीतून पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले दिसले. थोरले शेजारी उभे.

"काय म्हणतो मुनीम?" हिराशेठनी विचारलं.

आतून आवाज आला, "ह्या गाडीचा न्हाई, म्हणून राह्यला."

"म्हणू दे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गाडी एका चाबीत लागली, तवाच कळलंय मला. येडा समजतो काय? म्हणून तर बालाजी चिकटवला त्या दिव्यावर." हिराशेठ वळले आणि चालायला लागले. "चल, बाहेर नीघ. तुझी भाभी ताट वाढून बसलीय."

झुंबरशेठ बाहेर आले. पायजमा झटकला. सवयीनं गल्लीकडं तोंड केलं, 'निल' म्हणायला तोंड उघडलं, आणि काहीच न म्हणता भावाच्या मागं आत गेले.

त्या दिवशी गट्ट्याची वाटी माझ्याकडं आली नाही.